दहामागे एक

पहाटे ५.००

सहलीच्या दिवशी गजराच्या आधीच जाग येते. पहिले काम दार उघडून धुके बघणे. सिहोऱ्याच्या एका अंगाला बावनथडी, दुसऱ्या अंगाला वैनगंगा, मधे धानाच्या बांध्या. पौषात इथे धुक्याला निमित्त लागत नाही. माझा नियम सोपा आहे. विजेचे तीन खांब दिसले तर निघायचे. गावातल्या लाइनचे खांब साधारण पन्नास-पन्नास मीटरवर असतात, म्हणजे तीन खांब म्हणजे दीडशे मीटर. साठच्या वेगाने येणारा रेतीचा टिप्पर तेवढे अंतर नऊ सेकंदांत कापतो. नऊ सेकंदांत शिट्टी वाजवून पोरांना रस्त्याखाली उतरवता येते. पाच सेकंदांत येत नाही.

आत्ता एक खांब दिसतो आहे, तोही त्याच्यावर दिवा आहे म्हणून. सूर्य पावणेसातच्या सुमाराला उगवेल, धुके त्यानंतरही तासभर हटणार नाही. पालकांच्या ग्रुपवर लिहितो : ‘सातऐवजी साडेसात. कोणी घाई करून पोराला अंधारात पाठवू नये.’ लगेच दोन अंगठे आणि एक प्रश्न : ‘सर, चांदपूर रद्द झालं का जी?’ रद्द नाही. उशीर म्हणजे रद्द नव्हे, हे आठवीच्या पोरांना समजते, पालकांना दरवेळी नव्याने सांगावे लागते.

आठवीची तीस मुले-मुली, सायकलने, सिहोरा ते चांदपूर आणि परत. मारुतीचे दर्शन, डबा, थोडा भूगोल. शनिवार मुद्दाम घेतला, कारण पहिली ते आठवीसाठी शासनाने मार्च २०२४ मध्ये ‘आनंददायी शनिवार’ आणला. अडचण एवढीच की शनिवार मारुतीचाही आहे. चांदपूरच्या हनुमानाला त्या दिवशी तुमसर-भंडाऱ्याकडून आणि नदीपलीकडच्या मध्य प्रदेशातूनही माणसे येतात, गाड्या घेऊन येतात. म्हणून गर्दीच्या आधी पोचायचे आणि ती वाढायच्या आत निघायचे. धुक्यासाठी उशिरा निघायचे आणि गर्दीसाठी लवकर पोचायचे, या दोहोंच्या मधे आजचा दिवस बसवायचा आहे.

पहाटे ५.४०

चहा घेत फाइल चाळतो. सहलीची फाइल जाड असते आणि ती तशी का झाली हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. त्यानंतर शिक्षण विभागाने सहलींसाठी सूचनांची लांब यादी काढली. शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, प्रत्येक पालकाचे संमतीपत्र, दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक, मुली असतील तर महिला शिक्षिका, प्रथमोपचाराची पेटी, सक्ती नको, रात्रीचा प्रवास नको. समुद्र, नदी, तलाव, विहीर, उंच टेकडी अशा धोक्याच्या जागा नकोत.

यादीत चुकीचे काहीच नाही. फक्त ती बसकडे बघून लिहिलेली आहे. एसटी शैक्षणिक सहलीला भाड्यात निम्मी सवलत देते. प्रस्तावाला गाडीचा क्रमांक, चालकाचा परवाना जोडला की काम पुढे सरकते. सायकलच्या सहलीत गाड्या तीस आणि चालकही तीस, सगळे तेरा-चौदा वर्षांचे, परवाना कुणाकडेच नाही. वाहनाच्या रकान्यात मी ‘सायकल (विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या)’ असे लिहिले तेव्हा मुख्याध्यापकांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले होते.

मला या यादीतला ‘दहामागे एक’ हा आकडा जास्त छळतो. बसमध्ये तीन शिक्षक चढले की तीस मुले त्यांच्या नजरेत असतात, दार एकच असते, चढता-उतरता मोजणी होते. सायकलवर हिशेब बदलतो. एक सायकल पावणेदोन मीटर लांब, तिच्यामागे दोन सायकलींएवढी मोकळी जागा. म्हणजे एका मुलामागे पाच मीटरच्या वर. दहा मुले म्हणजे पन्नास मीटरची ओळ. अशा तीन तुकड्या आणि दोन तुकड्यांमधे मोठ्या गाडीला आत शिरता यावे म्हणून पन्नास-पन्नास मीटर जागा. एकूण अडीचशे मीटर. पुढचा मास्तर ओरडला तर शेवटच्या पोराला ऐकू जात नाही. नियमाने तीन शिक्षक पुरतात, पण रस्ता विचारतो की ते तिघे नेमके कुठे आहेत?

सकाळी ६.३०

शाळेचे फाटक. पहिल्या आल्या त्या मुली, मफलर गुंडाळून, मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर. आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना या सायकली मिळतात, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत घर असेल तर. या एका योजनेने आमच्याकडच्या कितीतरी मुलींची शाळा सातवीनंतर टिकली. आजच्या सहलीतल्या निम्म्या सायकली त्याच आहेत.

माणसांची हजेरी आधी घेतो. मी पुढे. मधल्या तुकडीसोबत मराठीच्या मॅडम. त्यांनी बऱ्याच वर्षांनी सायकल हातात घेतली आणि गेले दोन आठवडे संध्याकाळी मैदानात फेऱ्या मारल्या, पोरांनी टाळ्या वाजवल्या तरी थांबल्या नाहीत. शेवटच्या तुकडीमागे गणिताचे सर. झाले तीसमागे तीन, कागद पूर्ण. त्याखेरीज शाळा व्यवस्थापन समितीतल्या एक आई, स्कूटीवर, प्रथमोपचाराची पेटी घेऊन. एक पालक चारचाकी घेऊन. आणि चौकातला सायकल दुरुस्तीवाला, त्याच्या मोटरसायकलला पंप बांधून. तीनाचे सहा झाले.

या सहासाठी किती उठाठेव करावी लागली ते कागदावर दिसत नाही. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक धरला आहे आणि संच मान्यतेत पदे पटसंख्येवर बसतात. आमच्यासारख्या शाळेत तीन शिक्षक सहलीला निघाले की मागे उरलेल्यांना दोन-दोन वर्ग एकत्र बसवावे लागतात. खेळाच्या शिक्षकाचे तर विचारूच नका. कायद्यात उच्च प्राथमिकला शंभरावर पट असेल तर कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षणाला अर्धवेळ निदेशक सांगितले आहेत. कायद्यात सांगणे वेगळे आणि शाळेत माणूस उभा असणे वेगळे. म्हणून पालक हवेत. व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात अशी तरतूद आहे. बहुतेक ठिकाणी ती सह्यांपुरती वापरतात. मला ती चौफुलीवर उभी करायची असते.

दुरुस्तीवाल्याचा किस्सा वेगळाच. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणानंतर शाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी हवी, असा शासन निर्णय आला. हा तर एका दिवसाचा पाहुणा, पण मुख्याध्यापक अडून बसले. दुरुस्तीवाला उखडला. ‘या पोट्ट्यांच्या बापाच्या सायकली म्याच सुधरवल्या जी, आता माझीच चौकशी काहून?’ मी म्हटले, चौकशी तुझी नाही, कागदाची आहे. तरी चार दिवस बोलला नाही. मग स्वतःच सिहोरा ठाण्यात जाऊन आला आणि पावती माझ्या टेबलावर आपटली. मुख्याध्यापकांचे बरोबर होते असे मला वाटते. ओळखीचा माणूस आहे म्हणून सोडा, या वाटेनेच पुष्कळ वाईट गोष्टी शाळेत शिरतात.

सकाळी ६.५०

सायकल तपासणी. हवा, ब्रेक, चेन. चाक दोन बोटांत दाबून पाहायचे, ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलायची, चेन हाताने हलवायची. घंटी आहे का? तीसमधल्या दहा-बारा सायकलींना नाही. मागचा ब्रेक बहुतेकांचा लागतो, पुढचा नुसता शोभेला. ब्रेकचे गुटके झिजून लोखंड रिमला घासते आहे अशा चार निघाल्या. दुरुस्तीवाला मांडी ठोकून बसला आणि एकेक गुटका बदलत गेला. जुने गुटके पोरांना मुद्दाम दाखवले, म्हणजे उद्या स्वतःहून बघतील.

ओढण्या पाठीमागे गाठ मारून. दप्तर हँडलला लटकवायचे नाही, कॅरिअरला बांधायचे किंवा पाठीवर. पाण्याची बाटली दप्तरात. प्रत्येक मागच्या मडगार्डवर चमकणारी पट्टी. नव्या सायकलींना सगळ्या बाजूंनी परावर्तक असावेत असा केंद्राचा आदेश २०२० मध्ये निघाला, पण इथल्या बऱ्याच सायकली त्याआधीच्या, आणि नंतरच्यांचे परावर्तक पहिल्या पावसाळ्यातच फुटले. पट्टी तुमसरच्या बाजारात मीटरवर मिळते. एवढ्या स्वस्तात एवढी सुरक्षितता दुसऱ्या कशात नाही.

हेल्मेट सायकलला कायद्याने सक्तीचे नाही आणि तीस मुलांना पुरतील एवढी शाळेकडे नाहीत. जी आहेत ती नवशिक्यांना दिली. हेल्मेट पडल्यावर डोके वाचवते, म्हणून ते हवेच. पण बाकीची सगळी तयारी पडू नये, धडकू नये याचीच आहे आणि हेल्मेट आले की लोकांना ती तयारी पुरी झाल्यासारखी वाटते.

एक मुलगा वडिलांची मोठी सायकल घेऊन आला. दांड्याखालून पाय घालून कैची चालवतो, आणि झोकात चालवतो. रस्त्यावर ती चालणार नाही. त्याला ब्रेक मारून पाय टेकवता येत नाही. तोंड एवढेसे झाले. शाळेतली एक जादा सायकल त्याच्यासाठीच ठेवली होती, सीट खाली करून दिली. ‘सर, ही तं पोरीची आहे!’ म्हटले, सायकलीला पोरगा-पोरगी कळत नाही, ब्रेक कळतो. मुली फिदीफिदी हसल्या, तो बसला.

दुसऱ्या एका मुलाचे संमतीपत्र नाही. आजी सोबत आली आहे, ‘मी सांगते ना जी, न्या त्याले.’ वडील रायपूरला कामाला. वडिलांना फोन लावला, होकार आला; तरी सही हवी, ती आजीच्या अंगठ्याने झाली, मॅडम साक्षीदार. मुख्याध्यापकांनी हे मान्य केले नसते तर मुलगा घरी गेला असता. त्याला घेतल्यावाचून निघणे मला जड गेले असते, पण सहीवाचून घेणे त्याहून जड.

सकाळी ७.३५

तीन खांब दिसले. चौथ्याचा अंदाज येतो.

पहिली कसोटी तुमसर-बपेरा रस्ता ओलांडण्याची. ठाण्याला पत्र दिले होते, एक जवान आला आहे. तो नसता तरी पद्धत हीच असती, कारण पोलीस दर वेळी मिळेल या भरवशावर सहल आखता येत नाही. गणिताच्या सरांनी याच्यावर आठवीला एक तास खर्च केला होता. ओळीने, एकामागून एक, बाराच्या वेगाने रस्ता ओलांडला तर अडीचशे मीटरची ओळ एका जागेवरून पार व्हायला पंचाहत्तर सेकंद लागतात. तेवढ्यात साठच्या वेगाचा टिप्पर सव्वा किलोमीटर येतो. एवढे लांब इथे कुठे दिसत नाही. म्हणून आम्ही ओळीने ओलांडत नाही. दहा मुले सायकलवरून उतरतात, रस्त्याच्या कडेला खांद्याला खांदा लावून आडवी उभी राहतात आणि शिट्टीला सगळी एकदम चालत पार होतात. सात-आठ सेकंद. त्यात टिप्पर सव्वाशे मीटरच्या आसपास येतो आणि तेवढे तर दिसते. म्हणून खांबांचा हिशेब.

दोन्ही बाजूंना मोठी माणसे आधी जाऊन उभी. एकीकडे चारचाकीवाले पालक, दुसरीकडे स्कूटीवाल्या ताई, हात पूर्ण वर. पहिली तुकडी गेली. दुसरी गेली. तिसरी निघताना दूरवर हॉर्न वाजला आणि कैचीवाल्याने एकट्याने धूम ठोकली. बाकी नऊ थांबले, तो पलीकडे जाऊन विजयाने बघतो आहे. त्याला परत आणले नाही. परत आणणे म्हणजे तोच धोका दुसऱ्यांदा. गणिताचे सर पार झाल्यावर त्याच्या कानात एवढेच म्हणाले, ‘आता चांदपूरपर्यंत तू माझ्या पुढचा.’

सकाळी ८.००

आमच्या रस्त्यावर टिप्परचा विषय टाळून चालत नाही. बावनथडी आणि वैनगंगेच्या घाटांवरची रेती वाहनांनी निघते, वैध किती नि अवैध किती यावर तालुक्यात वर्षानुवर्षे बातम्या छापून येतात. टिप्परवाल्यांना वेळ गाठायची असते. भराच्या गाडीचा ब्रेक रिकाम्या गाडीसारखा लागत नाही. धानाचे ट्रॅक्टर त्यातल्या त्यात बरे, हळू चालतात, पण ट्रॉली रुंद असते आणि मागे लाल दिवा क्वचित.

एका पालकाने मीटिंगमध्ये सुचवले होते, नहराच्या पाळीवरून न्या, गाड्या लागणार नाहीत. विचार केला. नहराच्या पाळीवर टिप्पर नाही हे खरे. पण उन्हाळी धानासाठी पाणी सुटलेले असते तेव्हा कडेचा रस्ता हातभर उरतो, आणि सायकलवरून तोल गेला तर मूल डांबरावर नाही, पाण्यात पडते. डांबरावर पडलेल्या मुलाचा गुडघा फुटतो. पाण्यात पडलेल्याचे काय होते याचा विचार करून डांबरच निवडले. दुसऱ्या गावी उत्तर वेगळे येईल.

रस्त्यावर लागल्यावर पाच मिनिटांत ओळीचा स्वभाव कळतो. पुढचा जरासा हळू झाला की त्याच्या मागचा ब्रेक दाबतो, त्याच्या मागचा पाय टेकवतो आणि दहाव्याला उतरावे लागते. मग तो दहावा पोचण्यासाठी जोरात मारतो. अपघात पुढे नाही, मागे शिजतो. म्हणून माझे मत असे की सगळ्यात अनुभवी माणूस पुढे नको, शेवटी हवा. पुढच्याला रस्ता माहीत असला की झाले आणि रस्ता पोरांनाही माहीत आहे. शेवटच्याला मात्र दमलेला, घाबरलेला, चिडलेला आणि चेन पडलेला, असे सगळे एकाच वेळी ओळखावे लागतात. मी पुढे आहे तो वेग आवरण्यासाठी. आठवीचा सगळ्यात वेगवान मुलगा माझ्या लगेच मागे ठेवला आहे आणि त्याला माझ्या पुढे जायची मनाई आहे, हीच त्याची शिक्षा आणि हाच त्याचा मान.

मागून तीन शिट्ट्या. म्हणजे मोठी गाडी. ‘एकेरी!’ ही आरोळी तुकडीतून तुकडीत पुढे येते, दोघी-दोघी गप्पा मारत निघालेल्या सरळ होतात. टिप्पर मंदावला, पहिल्या रिकाम्या जागेत शिरला, थांबला, समोरची मोटरसायकल जाऊ दिली, मग पुढे आला. चालकाने खिडकीतून हात केला. दोन तुकड्यांमधली ती पन्नास मीटरची मोकळी जागा नसती तर त्याला तिसांना एकदम ओलांडावे लागले असते आणि समोरून काही आल्यावर तो डावीकडेच दाबला असता, जिथे आम्ही आहोत.

दोन शिट्ट्या, थांबा. चेन. दुरुस्तीवाला पोचायच्या आत मुलीने स्वतःच चढवली, हात काळे. तिने ते काळे हात मैत्रिणीच्या गालाला लावायचा प्रयत्न केला आणि मॅडमनी डोळे वटारले.

एक गोष्ट नियमपुस्तकात नसली तरी आम्ही पाळतो. मागे चारचाकी असते, पण दमलेले मूल तिच्यातच बसते, मालवाहू छोट्या हत्तीत नाही. गावात लग्नाला, यात्रेला सगळे मालवाहू गाडीतच जातात, म्हणून पालकांना हा नखरा वाटतो. माल वाहायच्या गाडीत माणसे बसवणे बेकायदा आहे आणि शाळेने ते केले तर दुसऱ्या दिवशी कुणाला काय शिकवायचे?

सकाळी ८.५०

चांदपूर. आधी मोजणी. तुकडीप्रमुख विद्यार्थी आपापले दहा मोजतो, शिक्षक पुन्हा मोजतो, दोन्ही आकडे वहीत. तीस. सायकली एका ओळीत, कुलुपे लावून.

आता खरी परीक्षा. मंदिर आहे आणि तलावही आहे. चांदपूरचा जलाशय इंग्रजांच्या काळापासूनचा. त्याच्या पाण्यावर या भागातले धान उभे आहे. शासनाच्या सूचनांत तलाव टाळा असे स्पष्ट म्हटले आहे. आमचे ठिकाण कागदावर ‘हनुमान देवस्थान, चांदपूर’ असे आहे आणि तो नुसता शब्दांचा खेळ ठरू नये याची जबाबदारी माझी. पाळीवरून पाणी बघायचे, काठाला उतरायचे नाही. हात धुवायलाही नाही. त्यासाठी मंदिराकडचे नळ आहेत. मुले आणि पाणी यांच्या मधे दोन मोठी माणसे कायम उभी, पाण्याकडे पाठ करून, मुलांकडे तोंड करून. फोटो काढायचा असेल तर तो या माणसांनी काढायचा नाही.

कुणी म्हणेल अति करता. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त जण होते, अनेकांच्या अंगात जीवरक्षक जाकीट नव्हते. शिक्षिका सोबत होत्या; संख्येचा नियम कदाचित पाळलाही गेला असेल. पाण्याजवळ नुसते सोबत असणे पुरत नाही, हे त्या दिवसाने सांगितले.

दर्शन झाले. पायऱ्यांवर माकडांनी एका मुलाचा बिस्किटपुडा नेला, याचीच चर्चा पुढे आठवडाभर राहील. डबे उघडले. पोहे, चपाती-भाजी, कुणाच्या डब्यात कालची वडी. भूगोल वीस मिनिटांचा. सोंड्याटोला उपसा सिंचन योजना मुलांनी नावाने ऐकलेली असते; बावनथडीचे पाणी पंपाने उचलून या चांदपूर जलाशयात आणतात, हे पाळीवर उभे राहून सांगितले की डोक्यात राहते. ‘म्हणजे नदीचं पाणी वर चढते जी?’ चढते, विजेने चढते. मग वीजबिल कोण भरते, हा पुढचा प्रश्न आला आणि तो तर मोठमोठ्यांना अडवणारा आहे. मी हसून वेळ मारून नेली.

सकाळी १०.००

गाड्या वाढू लागल्या, नारळाची दुकाने लागली. निघायची वेळ. पुन्हा मोजणी, पुन्हा हवा. एक ट्यूब बसली आहे. सोल्युशन लावून पंक्चर काढण्याइतका वेळ इथे नाही, नवी ट्यूब टाकली.

परतताना तुकड्यांचा क्रम उलटा. सकाळी मागे होते ते आता पुढे, म्हणजे मागच्यांना दिवसभर पळापळ होत नाही. ऊन वर आले आहे, पोटे भरली आहेत, लक्ष सैल झाले आहे. सकाळी धुक्यामुळे पोरे जपून होती. आता दिसते आहे म्हणून बिनधास्त. वेग मुद्दाम कमी ठेवला. निम्म्या वाटेवर एका झाडाखाली दहा मिनिटे, पाणी. एक मुलगी पोट धरून बसली. मॅडमनी बाजूला नेऊन विचारले, ती चारचाकीत गेली, तिची सायकल दुरुस्तीवाल्याने एका हाताने धरून आणली. असा प्रसंग पुरुष शिक्षकाला सांगता आला नसता. महिला शिक्षिकेचा नियम म्हणूनच हवा, नुसती सही करण्यासाठी नाही.

चौफुली. पुन्हा आडवी ओळ. कैचीवाला यावेळी मधे उभा, दोन्ही बाजूंच्या पोरांचे हँडल धरून.

सकाळी ११.२०

शाळा. तीस. गुडघा एक खरचटला, तोही फाटकातच. पेटीतून फक्त आयोडीन आणि कापूस निघाला. १०८ लावायची वेळ आली नाही; सिहोऱ्यात ग्रामीण रुग्णालय आहे आणि त्यांना आधी कळवून ठेवले होते. राजीव गांधी विद्यार्थी अपघात योजनेचा अर्जही फाइलच्या तळाशी असतो. अपघाती मृत्यूला दीड लाखाचे सानुग्रह अनुदान देणारा तो कागद मी दर वेळी फाइलमध्ये ठेवतो आणि कधी वाचत नाही.

पालक आलेले. सही करून मुले सोपवायची. आणि इथेच मला दर वेळी एक विचित्र गोष्ट दिसते. बपेऱ्याच्या दिशेच्या गावातून येणारी एक मुलगी आहे, चेन चढवणारी तीच. तिला न्यायला कोणी आलेले नाही. ‘कोण येणार जी, मी तं रोज जाते ना.’ घर पाच किलोमीटरच्या आत. सकाळी तिच्यासाठी सहा मोठी माणसे, एक पोलीस, तीन खांबांचा हिशेब. आता त्याच रस्त्याने, त्याच टिप्परांमधून, ती एकटी निघाली. सोमवारी सकाळी धुक्यात पुन्हा येईल. त्या प्रवासाला परवानगी, संमतीपत्र, दहामागे एक, यातले काहीच लागत नाही, कारण ती सहल नाही.

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत साडेचार हजारांहून जास्त सायकलस्वार मेले. त्यात सहलीतले किती असतील? बहुधा नगण्य. रोजच्या वाटेवरचेच सगळे.

दुपारी १.३०

जेवण करून पुन्हा शाळेत. शाळा सुटली आहे, मुख्याध्यापक आहेत. अहवाल लिहितो. निघण्याची वेळ, पोचण्याची वेळ, मोजणीचे आकडे, काय बिघडले. काही झाले नाही अशा दिवसाचा अहवाल सगळ्यात बारकाईने लिहावा. झाल्यावर तर सगळेच लिहितात. कैचीवाल्याची धूम लिहिली. चार सायकलींचे गुटके लिहिले.

इंग्लंडात २००७ पासून शाळेतल्या मुलांना सायकल शिकवण्याचा कार्यक्रम आहे, तीन पायऱ्यांचा : आधी मैदानात, मग शांत रस्त्यावर, मग वर्दळीत. जर्मनीत चौथीच्या वर्गात सायकलची परीक्षाच होते, पोलिसांच्या साहाय्याने. तिथल्यासारखे वेगळे सायकलमार्ग आमच्या तुमसर-बपेरा रस्त्याला कधी मिळतील, या स्वप्नात मी वेळ घालवत नाही. पण पायऱ्या उचलता येतात. आठवीने पहिल्या दोन महिनाभर मैदानात आणि गावात केल्या. तिसरी आज झाली. सहल म्हणजे परीक्षेचा पेपर, आणि पेपर रोजच्या वाटेचा असतो.

दुपारी २.३०

नकाशा काढून बसलो. हरदोली, चुल्हाड, बिनाखी, बपेऱ्याकडच्या वाड्या-वस्त्या. कोणत्या गावातून किती सायकली येतात ते हजेरीवरून काढले. प्रत्येक दिशेला एक तुकडी होऊ शकते. मास्तर लागत नाही. एक पुढे, एक शेवटी, मधे दोन सायकलींची जागा, तीन शिट्ट्यांना एकेरी. शिट्ट्या शाळा देईल, हे मुख्याध्यापकांनी मान्य केले. खर्च कोणत्या शीर्षात टाकायचा ते सोमवारी बघू म्हणाले. वळणावरची बेशरमाची झुडपे सार्वजनिक बांधकाम विभागाने कापावीत असे एक पत्र टाइप करून त्यांच्या सहीला ठेवले. झुडपे कापली तर तिथे दोन खांब जास्त दिसतील.

बपेरा दिशेच्या तुकडीला शेवटचा माणूस हवा होता. चेनवालीच्या घरी फोन लावला, ती पोचली का हेही विचारायचे होते. आईने उचलला, ‘पोचली जी सर, झोपली.’ सोमवारपासून रोजच्या येण्या-जाण्यात ती सगळ्यांच्या शेवटी राहील, चालेल का, असे विचारले. आईला वाटले शिक्षा आहे. म्हणाली, ‘काय केलं तिनं?’